मा बर्डीचा गुडघा

पिकेट्स बेंडमध्ये पोराला चालता येऊ लागलं की ते आधी ढोलामागे जातं, मग आईकडे. गावच तसं. शाळेचा बँड सरावाला रस्त्यावर उतरला की न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी दारात येतं, आणि न्हावी त्याच्या आधी येऊन उभा असतो. त्यामुळे व्हर्नेल ट्रिग्जचा भाचा लव्हेल चार वर्षांचा असताना बँडच्या मागे मागे थेट कापसाच्या जिनपर्यंत चालत गेला, याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पोरगं ढोलकऱ्यांची नक्कल करत नव्हतं. बँडच्या पुढे पांढरे बूट घालून, गुडघे छातीला लावत नाचणाऱ्या ज्या मोठ्या पोरी होत्या ना, त्यांची करत होतं. आणि अशी हुबेहूब, की त्यातल्या एकीने वळून पाहिलं आणि हसता हसता तिची टोपीच पडली.

व्हर्नेल मावशीने त्याला काखोटीला मारून घरी आणलं. लव्हेलची आई तो तान्हा असतानाच गेली. मावशीनेच त्याला वाढवलं. आठवडाभर ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची आणि रविवारी चर्चच्या दारावर सेवेकरीण म्हणून उभी राहायची. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीवर. तोंडातून चकार शब्द नाही. नुसत्या हाताच्या खुणांनी तीनशे माणसं जागच्या जागी बसवायची. पाद्रीबाबा उशिरा आले तर त्यांनाही प्रार्थना संपेपर्यंत दाराबाहेर थांबवेल, अशी तिची ख्याती. लव्हेल सात वर्षांचा झाला तसे तिने त्याच्याही हातात मोजे चढवले आणि त्याला आपल्या शेजारी उभं केलं.

पंधराव्या वर्षी एका संध्याकाळी लव्हेल धीर करून म्हणाला, "मावशी, एक सांगायचंय. मला पोरी आवडत नाहीत. म्हणजे, तशा आवडत नाहीत."

"बरं."

"मला पोरगे आवडतात."

मावशीने चुलीवरच्या पातेल्यात डाव फिरवला. "लव्हेल, तुला अंगडं-टोपडं मी घातलंय. मला तू आत्ता सांगतोयस? ती भेंडी चीर आधी, रस्सा खोळंबलाय." मग जरा वेळाने, पाठ फिरवूनच, "कुणी वेडंवाकडं बोललं तर नाव सांग मला. तो कुठल्या बाकावर बसतो ते मला ठाऊक असतं."

संपलं. इतकाच तो प्रसंग.

पण मावशीने मन जाणलं म्हणून पायांची खाज थोडीच जाते? शाळेच्या बँडपुढे नाचायचं ते पोरींनी. पोरग्यांनी ढोल बडवायचे नाहीतर पितळी कर्णे खांद्यावर घ्यायचे. लव्हेलने चार वर्षं झांजा वाजवल्या आणि चारही वर्षं झांजेआडून पोरींचे पाय पाहिले. एकोणिसाव्या वर्षी त्याला थॅडियस बर्डसाँग भेटले.

हे बर्डसाँग म्हणजे सरकारी इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करणारा सहा फुटी गडी. वय एक्कावन्न. आवाज असा की बोलले तर खिडकीची काच थरथरावी. आणि सगळा गाव त्यांना म्हणायचा मा बर्डी, म्हणजे बर्डी आई. तरुणपणी ते शहरात कॉलेजला होते. तिथल्या नाचणाऱ्या पोरींची ओळ पाहायला ते दर शनिवारी मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे, सामन्याकडे ढुंकून न बघता. पुरुषाला त्या ओळीत शिरायची सोय नव्हती. मग त्यांनी काय केलं? सगळ्या चाली डोळ्यात भरून गावी आणल्या आणि आपली स्वतःची ओळ उभी केली. सगळे पुरुष, सगळे आमच्यासारखे काळे, आणि बहुतेक सगळे लव्हेलसारखे. कुणाला बापाने घराबाहेर काढलं असेल तर तो मा बर्डींच्या सोफ्यावर झोपायचा. सोफा रिकामा असल्याचं कुणी कधी पाहिलं नाही.

टायरच्या दुकानामागे मोकळी जागा होती, तिथे सराव चालायचा. लव्हेल पहिल्या दिवशी गेला तेव्हा मा बर्डींनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"तू व्हर्नेलचा ना? तुझ्या मावशीला माहीत आहे तू इथे आलायस?"

"तिनेच सोडलं, मा. गाडीत बसलीय."

मा बर्डींनी लांबूनच गाडीकडे टोपी उचलली. "मग तर नीटच शिकवावं लागेल. उभा राहा माझ्या मागे. पायाकडे बघू नकोस, पाय खोटं बोलतात. इथे बघ." त्यांनी आपल्या मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध बोट लावलं. "अंग काय करणार ते आधी इथे उगवतं."

हा नाच मोठा गमतीचा. पुढे एकटा म्होरक्या, ओळीकडे पाठ करून. तो आठ ठोक्यांचा एक तुकडा टाकतो. मनात येईल तो, कुणाला न सांगता. त्याच्या मागच्याने तो झेलायचा, त्याच्याकडून मागच्या जोडीने, त्यांच्याकडून त्यांच्या मागच्या जोडीने, असा तो तुकडा लाटेसारखा शेवटपर्यंत जातो. तोवर म्होरक्याने पुढचा टाकलेला असतो. म्होरक्या मागे वळून बघत नाही. मागचे विचारत नाहीत. म्होरक्याने जे टाकलं ते बरोबर, आणि त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. एवढेच नियम, पण ते देवाच्या आज्ञांसारखे.

आणि लव्हेल झेलणारा म्हणून असा निघाला की विचारू नका. दोन वर्षांत तो मा बर्डींच्या थेट मागे, दुसऱ्या जागी. मा बर्डींच्या खांद्याने नुसता विचार केला तरी लव्हेलचा हात वर. एकदा सरावात मा बर्डींच्या मानेवर गांधीलमाशी बसली. त्यांनी चापट मारली. लव्हेलने मारली. त्याच्या मागच्या जोडीने मारली, आणि चट् चट् चट् करत दहाही जणांनी आपापल्या मानेवर चापट्या ओढल्या. मा बर्डी हसून हसून खाली बसले.

"अरे, माशी मला चावली!"

तिसऱ्या रांगेतला टूकी, सगळ्यांत तोंडाळ, म्हणाला, "मा, आम्हाला काय ठाऊक? तुम्ही उद्या नदीत उडी मारली तर हा लव्हेल आधी बुडेल आणि मग विचारेल, पाणी होतं का."

हसणं ओसरल्यावर मा बर्डी लव्हेलला म्हणाले, "ये पुढे. आज तू टाक."

लव्हेल पुढे गेला. समोर मोकळी जागा, भिंत, टायरांची चळत. पाठ कुणाचीच नाही. ढोल सुरू झाला आणि लव्हेल खांबासारखा उभा. आठ ठोके गेले, सोळा गेले. अंगात काही उगवेचना. शेवटी तो मुकाट्याने आपल्या जागी परत आला. टूकीनेसुद्धा तेव्हा तोंड उघडलं नाही, यावरून काय ते समजा. त्यानंतर मा बर्डींनी सहा वेळा त्याला पुढे काढलं आणि सहाही वेळा तेच.

"तुझ्यात सगळ्यांचं भरलंय रे," मा बर्डी म्हणाले, "तुझं तेवढं बाहेर यायचंय."

आता मिरवणूक. ऑक्टोबरात गावमेळावा असतो. शिकागोला, डेट्रॉइटला गेलेली सगळी मंडळी गावी येतात, आणि शनिवारी सकाळी मोठ्या रस्त्यावरून मिरवणूक निघते. मा बर्डी नऊ वर्षं समितीकडे अर्ज करत होते. आमच्या ओळीला एकदा तरी आमच्या गावात, दिवसाउजेडी, आमच्या माणसांसमोर चालू द्या. मेम्फिसला त्यांना बक्षिसं मिळायची, शहरातल्या क्लबांत टाळ्या मिळायच्या. पण गावात नाचायचं ते टायरांमागे. समितीचे मुख्य डीकन हॉलिस पेटवे, चर्चचे ज्येष्ठ आणि हत्यारं-खिळ्यांचे दुकानदार. ते नऊ वर्षं म्हणत होते, "बघू."

दहाव्या वर्षी असं झालं, की शेजारगावच्या शाळेचं पथक ऐनवेळी येत नाही म्हणालं आणि बँडच्या पुढची जागा रिकामी पडली. डीकन पेटवे स्वतः टायरच्या दुकानामागे आले. हॅट हातात.

"बर्डसाँग, चकचकीत टिकल्या नकोत."

"नाही लावणार."

"पाय झाकलेले हवेत."

"झाकू."

"आणि ओळ. मला रस्त्यात घोळका नको. दहा चौक सरळ चालायचं. ओळ मोडली, कुठे गोंधळ झाला, की सगळे मला धरणार, घेतलंच कशाला यांना म्हणून. मग या जन्मी पुन्हा नाव काढायचं नाही."

"डीकन, माझी ओळ मोडली तर मी स्वतः तुमच्या दुकानात येऊन खिळे विकीन."

मागून टूकी पुटपुटला, "आणि पांढरे बूट?"

डीकनांना ऐकू गेलं. "बूट असू द्या," ते हॅट चढवत म्हणाले. "बूट आमच्या हिला आवडतात."

मग काय! तीन आठवडे त्या जागेची धूळ खाली बसली नाही. मावशीने बाराही जणांच्या पांढऱ्या विजारी शिवल्या आणि प्रत्येकाला कंबर मोजताना बोलणी दिली. एकच गोष्ट लव्हेलला खटकत होती. मा बर्डींचा उजवा खांदा वळताना किंचित खाली जात होता. असा कधी जात नसे.

"मा, गुडघा दुखतोय का?"

"गुडघा देवाने दिलाय, तो देव बघेल. तू खांदा बघ."

शनिवार उजाडला तो निळा स्वच्छ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घडीच्या खुर्च्या, तळलेल्या माशाचा वास, माणसांवर माणसं. मागे बँडने पहिला सूर सोडला. मा बर्डींनी मान ताठ केली, उजवी टाच जमिनीवर दोनदा आपटली, आणि निघाले.

पहिल्या चौकात लोक नुसते बघत होते. दुसऱ्या चौकात बायका उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्यात कुणीतरी ओरडलं, "ए, तो तर आपल्या इस्पितळातला थॅडियस!" आणि पाचव्यापर्यंत पोरंटोरं दोन्ही बाजूंनी पळत बरोबर येऊ लागली. मा बर्डी टाकत होते आणि लव्हेल झेलत होता आणि मागे सपासप लाट जात होती. असं वाटत होतं की बारा जणांना मिळून एकच पाठीचा कणा आहे.

सातव्या चौकात डीकन पेटव्यांच्या दुकानासमोर ट्रेलरवर मांडव घातला होता. समितीची माणसं त्यात ओळीने बसलेली, मधे डीकन. ट्रेलरच्या कडेलाच व्हर्नेल मावशी उभी, थेट चर्चच्या नाश्त्याच्या कामावरून आलेली, गणवेशात, मोज्यांसकट.

तिथे मा बर्डींनी सगळ्यांत मोठा तुकडा काढला. एक, दोन, हात वर. तीन, चार, गिरकी. आणि पाचव्याला उजवा गुडघा गेला. काटकी मोडावी तसा. ते एका अंगावर कलले, हात डांबरावर टेकला, डोकं कळ येऊन मागे फेकलं गेलं.

आणि लव्हेलने ते झेललं.

विचार करायला वेळच कुठे होता? खांदा कलला, हा कलला. हात जमिनीवर, डोकं मागे. त्याच्या मागच्या जोडीने झेललं, त्यांच्या मागच्यांनी झेललं, आणि बारा माणसं एकामागून एक अशी खाली गेली की जणू कुणी रस्त्यावर लांबच लांब चादर झटकली. मग जो काही गदारोळ उठला! लोकांनी खुर्च्या डोक्यावर उचलल्या. एक म्हातारी काठी फेकून ओरडली, "पुन्हा! पुन्हा करा!"

खाली गेलेल्या लव्हेलची मान वळली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला नाचताना मा बर्डींची पाठ नाही, चेहरा दिसला. चेहरा राखेसारखा. तेव्हा त्याला कळलं. त्याने चाल झेलली नव्हती, पडणं झेललं होतं. आणि टाकणारा आता उठणार नव्हता.

"मा!"

"माझ्याकडे काय बघतोस?" मा बर्डी दातांवर दात दाबून म्हणाले. "ओळ खाली आहे. ऊठ. टाक."

"मला येत नाही."

"ठाऊक आहे. टाक."

मागे बँड गोंधळला होता, कर्णे विस्कटले होते. पण मोठा ढोल वाजवणारा अर्ल डॉकिन्स, पापणी लवली तर शपथ, त्याने ठोका सोडला नाही. धाड. धाड. जणू सांगत होता, घे तुझा वेळ, मी आहे इथे. (याच अर्लबरोबर लव्हेलने पुढे घर केलं, आज त्याला वीस वर्षं होऊन गेली. अर्लला विचारलं तर तो म्हणतो, मला वाटलं बँडमास्तर रागावतील म्हणून वाजवत राहिलो. त्याच्यावर विश्वास ठेवू नका.)

लव्हेल उठला. जे आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं: मा बर्डींना वळसा घालून त्यांच्या पुढे गेला. समोर रिकामा रस्ता. पाठ कुणाचीच नाही. एक ठोका गेला. दोन गेले. अंग कोरडंठाक. तेवढ्यात डोळ्यांच्या कडेला पांढरं काहीतरी दिसलं, मावशीचे मोजे. आणि लव्हेलचा डावा हात आपोआप पाठीवर गेला. मूठ वळली. उजवा हात सरळ पुढे आला, तळवा वर, आणि तो चर्चच्या मधल्या वाटेने माणसांना पुढे नेतात तसा, तब्येतीत, एकेक पाऊल टाकत निघाला. चौथ्या ठोक्याला गुडघा छातीपर्यंत. आठव्याला गिरकी. सात वर्षांचा असल्यापासून अंगात मुरलेली चाल, पण पांढऱ्या बुटांत आणि ढोलावर.

मागे अकराऐवजी दहा होते. दहाही उठले आणि त्यांनी झेललं.

आता सगळा रस्ता गप्प झाला, कारण ती खूण तिथल्या प्रत्येक माणसाला पाठ होती. चर्चमधली चाल रस्त्यावर! ट्रेलरवर डीकन पेटवे खुर्चीतून उठून उभे राहिले. टूकी नंतर सांगायचा, "मला वाटलं, झालं, आता खिळे विकायला जावं लागणार, तेही बारा जणांना."

पण व्हर्नेल मावशी? तिची तीस वर्षांची सवय. समोर सेवेकरी खूण करतोय म्हटल्यावर तिचा हात थांबणार होता का? तिने टाचा जुळवल्या, डावा हात पाठीवर घेतला आणि उजवा हात उंच करून उत्तर दिलं: जागा आहे, पुढे आणा. अगदी रविवारसारखं. तिच्यापासून दहा हातांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या सेवेकरणीने तेच केलं. मग रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्या सेवेकऱ्याने. दोन्ही बाजूंनी एकेक हात वर होत गेला, पुढे आणा, पुढे आणा, आणि कर्ण्यांनी पुन्हा सूर धरला आणि लव्हेल ट्रिग्ज उरलेले तीन चौक एकामागून एक टाकत सुटला. भेंडी चिरण्याचा तुकडा टाकला. झांजांचा टाकला. इस्त्री फिरवण्याचा टाकला, तेव्हा लोक हसून कोसळले. मागे वळून त्याने एकदाही पाहिलं नाही.

मा बर्डींना बघ्यांतल्या दोघा जणांनी घडीच्या खुर्चीसकट उचललं होतं आणि ते ओळीच्या बाजूने पालखीत बसल्यासारखे चालले होते, ओरडत, "डाव्या बाजूची जोडी, जागे व्हा! टूकी, तोंड मीट आणि पाय उचल!"

शेवटच्या चौकात आगीच्या बंबखान्याच्या अंगणात सगळे थांबले. घामाने विजारी अंगाला चिकटलेल्या. मा बर्डींच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी. गर्दीतून वाट काढत डीकन पेटवे आले.

"बर्डसाँग, तो मधे खाली बसायचा प्रकार. तो ठरवलेला होता?"

"अर्थात! सहा महिने घासलाय," मा बर्डी म्हणाले.

डीकन लव्हेलकडे वळले. "तू सांग."

लव्हेलने मा बर्डींकडे पाहिलं, मग मावशीकडे. मावशीसमोर खोटं बोलायची त्याची टाप नव्हती. "नाही, डीकन. मांचा गुडघा गेला. मला कळलंच नाही, मी तसाच झेलला. पण ओळ मोडली नाही."

"ओळ मोडली नाही," डीकन म्हणाले, "ते मी पाहिलं." त्यांनी लव्हेलच्या हाताकडे बोट दाखवलं. "पण तुझी मूठ चुकली. पाठीवरच्या हाताचा अंगठा आत हवा. तुझा बाहेर होता. कुणी शिकवलं तुला?"

"मी शिकवलं!" मावशी गर्दीतून पुढे सरसावली. "आणि अंगठा बाहेरच असतो, हॉलिस पेटवे. तुम्ही दारावर शेवटचे कधी उभे होतात? मी लहान होते तेव्हा!"

"व्हर्नेल, मी अंगठा आत ठेवून माणसं बसवली आहेत, तेव्हा..."

"म्हणूनच ती वाकडी बसली आहेत अजून!"

अंगण हसलं, आणि डीकनसुद्धा, पण ओठांच्या आत. त्यांनी कोटाच्या खिशातून घडीचा कागद आणि पेन्सिलीचं थोटूक काढलं. "पुढच्या वर्षीची यादी आम्ही आजच करतो. बँडच्या पुढची जागा. नाव काय घालायचं? नऊ वर्षं अर्जावर नुसतं 'बर्डसाँग आणि इतर' आहे."

सगळ्यांनी मा बर्डींकडे पाहिलं. मा बर्डींनी बर्फाची पिशवी सारखी केली आणि लव्हेलकडे पाहिलं. "म्होरक्याला विचारा."

लव्हेलला या खेपेला आठ ठोकेही लागले नाहीत. "मा बर्डीची ओळ."

पेन्सिल थबकली. "मा?"

"हो."

"म्हणजे छापायचं असं? मा?"

"कार्यक्रमपत्रिकेवर," लव्हेल म्हणाला, "आणि मिरवणुकीच्या कमानीवर पण."

डीकन पेटव्यांनी कागद बंबाच्या लाल पत्र्यावर टेकवला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, आणि फळीवर खिळा नीट सरळ धरावा तसं सावकाश, ठसठशीत एकेक अक्षर काढायला सुरुवात केली.